जेवलेला वाघ

तोंडावर मी त्याला 'भाऊ' म्हणायचो. वयानं तो मोठा होता, आणि आमच्या आरमोरीकडे भाडेकरूलाही भाऊच म्हणतात. मनात मात्र तो नुसता 'तो' होता. आता लिहायला बसलोच आहे तर मनातलंच लिहितो.

मी मूर्तिकार. बापही मूर्तिकारच होता. गणपती, शारदा, दुर्गा आणि मधल्या काळात शाळांच्या आवारातले पुढाऱ्यांचे पुतळे, एवढं माझं राज्य. टिनाचं मोठं शेड, पुढे गावाबाहेर जाणारा रस्ता, मागे एक खोली. सारा गाव मला 'मूर्तीवाले' म्हणतो. या राज्यात मी सुखानं नांदत होतो आणि आपल्यापेक्षा चांगला हात कुणाचा असू शकतो, हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता. मग एका दिवशी खांद्यावर दुपट्टा आणि हातात पत्र्याची पेटी घेऊन तो मागची खोली विचारायला आला.

खोली त्यानं पाहिलीच नाही. शेडमधल्या मातीच्या ढिगापाशी गेला, वाकला, चिमूटभर माती नाकाशी धरली आणि म्हणाला, "तलावातली नोय ही. बोडीतली हाय."

त्या वर्षी तलाव तुडुंब होता म्हणून मी शेताजवळच्या बोडीतली, म्हणजे लहान तळ्यातली, माती आणली होती. गिऱ्हाइकांना तलावातली म्हणून सांगत होतो. शेडमध्ये तेव्हा एका मंडळाचे अध्यक्ष उभे होते. तिथूनच आमचं जे बिनसलं ते बिनसलं, फक्त त्याला ते कधी कळलं नाही.

त्याला सगळंच हुंगायची सवय होती. बाजारात वांगी हुंगायचा, किराणा दुकानात साबण हुंगायचा, नवा माणूस समोर आला की मान जरा पुढे काढून त्यालाही हुंगायचा. लोकांना राग यायला हवा होता. येत नसे. माझी सासू पोंभुर्ण्याहून आली तेव्हा तिला अंगणातच थांबवून तो म्हणाला, "बाई, तुमच्या घरी सांदीत लिंबाचं लोणचं मुरून राह्यलं वाटते." सासूनं पेटीतून बरणी काढून त्याच्या हातात दिली. ती बरणी माझ्यासाठी आणली होती, हे मला मागाहून कळलं.

बायकोचं तर विचारूच नका. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी शेडमध्ये ताट मागितलं तर 'हातपाय धुवून घरात या' हे ऐकत आलो. त्याला मात्र झाकलेली थाळी मागच्या खोलीत जायची. तो झाकण उघडायच्या आधीच वास घेऊन सांगायचा, "आज जिरं जास्त झालं, बाई." आणि ती खूश! असं मी म्हटलं असतं तर त्या दिवशी मला जिऱ्याचंही दर्शन झालं नसतं.

पूर्वी तो वडशाच्या नाटक कंपन्यांना जनावरं बनवून द्यायचा. बांबूची, कापडाची, आत माणूस शिरून चालवायची. एकदा एका कंपनीसाठी त्यानं घोडा केला. नायक बूट घालून त्या घोड्यावर बसला. प्रयोग संपेपर्यंत हा थांबला, मग घोडा खांद्यावर टाकून चालता झाला. कंपनीचा मालक मागे धावत आला तर त्याला म्हणाला, "घोडा दुखला जी." ही गोष्ट आरमोरीतल्या प्रत्येक पानठेल्यावर लोक मिटक्या मारीत सांगायचे. मी आयुष्यात शेकडो गणपती केले, माझी एकही गोष्ट कुणी सांगत नाही.

पण त्याची खरी तऱ्हा वेगळीच होती. कुठलीही मूर्ती पाहिली, चित्र पाहिलं, कॅलेंडरवरची गाय पाहिली, की त्याचा पहिला प्रश्न एकच: "जेवला हाय का उपाशी?"

माझ्या गणपतीच्या पायाशी उंदीर असतो. हातात लाडू धरून बसलेला. चांगला उंदीर आहे, बापापासून चालत आलेला साचा आहे. त्याच्यासमोर उकिडवं बसून तो बराच वेळ पाहत राहिला आणि मला म्हणाला, "किती वर्सं झाले याले?"

"कायले?"

"लाडू हातात देऊन ठेवला, पन खाऊ नाई दिला तुमी. जीव पाहा कसा झाला त्याचा."

मी हसलो. काय करणार? पण नंतर तो उंदीर मला पाहवेना. त्या साच्यातून काढलेला प्रत्येक उंदीर माझ्याकडे तक्रारीच्या डोळ्यांनी बघतोय असं वाटायचं. बापाचा साचा होता तो!

माझ्या शेडच्या कोपऱ्यात एक वाघ उभा होता. एका मोठ्या मंडळाच्या दुर्गेसाठी केलेला. देवी बसायच्या आधीच मंडळाला कळलं की शेजारच्या गावची देवी सिंहावर आहे, म्हणून मग यांनाही सिंहच हवा झाला. वाघ तसाच राहिला, देवीवाचून. आमच्या कामात आत बांबू, त्यावर धानाच्या तणसाचे पेंढे आणि वरून माती असते. कोपऱ्यात उभ्या असलेल्या या वाघाच्या पोटाची माती एका पावसाळ्यात ओल धरून गळाली आणि आतलं तणस बाहेर आलं. मग गल्लीतल्या बकऱ्यांना रोजचा फराळच मिळाला. वाघाच्या पोटात तोंड घालून बकऱ्या तणस ओढत उभ्या राहायच्या. मी हाकलायचो, पुन्हा यायच्या. पोटात आरपार भोक पडलं.

त्या वाघासमोर तो कधी थांबला नाही. जाता-येता एक नजर टाकायचा आणि पुढे. माझ्या कामाला 'वाईट' म्हणाला असता तरी चाललं असतं. चांगलं म्हणावं अशी तर माझी फार इच्छा होती, आणि ती इच्छा होती याचाच मला जास्त राग यायचा. बाहेरगावचे लोक येऊन माझे हात धरत, 'देवी बोलते जी' म्हणत. मी मान हलवायचो आणि कान मागच्या खोलीकडे लावायचो. तिकडून फक्त हुंगल्याचा आवाज.

थंडीच्या दिवसांत जंगलाला लागून असलेल्या एका गावची माणसं आली. धान कापणीच्या हंगामात त्या गावातला एक माणूस जळणासाठी नाल्यापलीकडे गेला आणि वाघानं त्याला नेलं. आमच्याकडे जिथं वाघानं माणूस नेला तिथल्या वाटेवर वाघोबा बसवतात. शेंदूर लावायचा, नारळ फोडायचा, मग त्या वाटेनं माणसं पुन्हा जंगलात जातात. तोवर कुणाचा पाय पुढे पडत नाही. आणि मोहफुलं पडायला फार दिवस उरले नव्हते. मोहा गेला, मागोमाग तेंदूपानं गेली, तर त्या गावानं वर्षभर काय करायचं? सगळ्यांत मोठा प्रश्न त्या मेलेल्या माणसाच्या बायकोचा होता, सुमनबाईचा. शेती नाही, पोरं लहान. मोहा वेचूनच तिचं घर चालायचं, आणि ती नाल्यापर्यंत जाऊन परत यायची. गावच्या बाया म्हणत होत्या, सुमन जाईल तर आम्ही जाऊ.

"लहानसा दगडाचा नाई चालत म्हनते सुमन," गावचा एक म्हातारा म्हणाला. "जेवढा होता तेवढाच पायजे म्हनते."

मी हनुवटीवरून हात फिरवत होतो. शिवजयंतीचे पुतळे डोक्यावर होते. हो म्हणायचंच होतं मला, फक्त जरा वेळ घेऊन म्हणायचं होतं, तसं केल्यानं मान राहतो. तेवढ्यात मागून आवाज आला, "मी करतो."

गिऱ्हाईक माझं, शेड माझं, माती माझी आणि 'मी करतो' त्याचं. माणसं उठून त्याच्या पाया पडली.

नंतर कितीतरी दिवस त्यानं काहीच केलं नाही. सकाळी उठून जंगलाच्या वाटेला लागायचा, गावची ढोरं चारणाऱ्या ढोरक्याबरोबर दिवसभर झाडाखाली बसायचा आणि संध्याकाळी दुपट्ट्याच्या टोकात माती बांधून आणायचा. मी मनातून खूश होतो. म्हटलं, जमत नाही वाटतं. मग एका सकाळी शेडमध्ये आलो तर आढ्याला दोरीनं भलं मोठं काहीतरी लोंबत होतं, बांबूच्या कामट्यांचं, भोपळ्यासारखं.

"हे काय जी, भाऊ?"

"पोट."

आम्ही आधी पाय रोवतो. चौकट उभी राहिली की मग धड. बापानं तसं शिकवलं, सगळे तसंच करतात. यानं पोट आधी टांगलं आणि पाय मागाहून खाली आणून लावले. त्याचं म्हणणं असं की वाघाला पाय चालवत नाहीत, पोट चालवतं, तर ज्याच्या हुकमानं चालायचं ते आधी पाहिजे.

"मंग हा जेवला हाय का उपाशी?" मी जरा खोचकपणेच विचारलं.

त्याला खोच कळली नाही. तो खूप गंभीर झाला. "जेवला हाय. रातभर विचार केला मी. उपाशी वाघ बसवला त बायाइले त्याच्याजवळून जावाले भेव वाटन. जेवलेला वाघ कोनाले काई करत नाई. सावली पाहून झोपाले जाते. 'वेचा तुमी मोहा,' म्हनते."

आणि तसाच वाघ झाला. काय सांगू तुम्हाला! पोट एका अंगाला जरासं झुकलेलं, जड. पुढचे खांदे सैल सोडलेले. मान खाली, आता दोन पावलं टाकील आणि बसेल अशी. ओठाच्या कोपऱ्यात तृप्तीची एक बारीक सुरकुती, ती त्यानं नखानं ओढली. मी बाजूलाच एका पुढाऱ्याच्या कोटाची बटणं लावत बसलो होतो. लावलेली बटणं पुन्हा काढत होतो. माझ्या पोटात दुखत होतं. मत्सर मत्सर म्हणतात तो हा, असं मला तेव्हा नीट कळलं. तो जेवायला गेला की मी त्या वाघाभोवती फिरून खोट शोधायचो. कान? बरोबर. पंजा? बरोबर. शेपटीचं वळण चुकलं असेल म्हणून तिथं गेलो, तर ती शेपटी मला धरून पाहावीशी वाटली. मी हात मागे घेतला.

माती ओली होती त्याच दिवसांतली गोष्ट. सकाळी गावची ढोरं आमच्या शेडसमोरून चरायला जातात. त्या दिवशी कळपाची पहिली गाय शेडपाशी येऊन थांबली. नाक फेंदारलं, शेपटी वर गेली, आणि वळली. तिच्यामागे सगळा कळप रस्त्यावर उलटा फिरला. एक गोऱ्हा थेट पंपाच्या हौदात पडला.

ढोरकी ओरडला, "मूर्तीवाले! तुमचा वाघ झाका जी! ढोरं पुढं जाऊन नाई राह्यले!"

"माझा नाई तो," मी म्हणालो. हे म्हणताना मला जे झालं ते वैऱ्यालाही होऊ नये.

दोन दिवसांत सारी आरमोरी लोटली. 'जनावरानं ओळखला म्हणजे पाहा,' असं जो तो म्हणत होता. आणि त्याच वेळी, त्याच शेडमध्ये, माझ्या वाघाच्या पोटात तोंड घालून एक बकरी तणस चावत उभी होती. येणारे लोक आधी तिकडे पाहायचे, मग इकडे पाहायचे, मग माझ्याकडे पाहायचे. काही बोलत नसत. चांगली माणसं आहेत आमच्याकडची.

पण मी काही उगाच मूर्तिकार झालेलो नाही. मातीत हात घातलेला माणूस मी. त्याच्या ओल्या वाघाजवळ गेलो की मला सुवासिक चिन्नोरचा भात शिजल्यासारखा वास यायचा. आधी वाटलं, बायकोनं पुन्हा याला काही चांगलंचुंगलं पाठवलं. मग ढोरक्यानंच सहज सांगितलं की वाघ आपल्या हद्दीच्या झाडावर मुततो त्याला असाच वास असतो, आणि भाऊ त्या झाडांच्या बुडाची माती भरून आणत होते. मी उभा राहून टाळीच वाजवली. लोक जमलेलेच होते.

"पाहा! वास हाय हा, वास! हात नाई याच्यात!"

तो मळत होता ती माती खाली ठेवून माझ्याकडे आश्चर्यानं पाहत राहिला. "मंग? गाईनं काय फोटो पाहून भेवावं? वाघ आधी नाकाले कळते, मूर्तीवाले, डोळ्याले मंग कळते. माती त्याची नाई घेतली त वाघ कायचा?"

लोक हसले, आणि त्याच्यावर नव्हे.

पुढे माती वाळली, वास गेला, ढोरं पुन्हा सरळ जाऊ लागली. मला बरं वाटायला हवं होतं. पण मी दुपारी शेडमध्ये एकटा असलो आणि पाण्याच्या माठाकडे जायचं असलं, की त्या वाघाच्या तोंडासमोरून जात नसे. मागून वळसा घालायचो. वास तर गेला होता ना? मग मी कशाला भीत होतो? ते कौतुक मी त्याला कधी सांगितलं नाही, पण माझे पाय रोज सांगत होते.

मातीचा वाघ पसंत पडला की तो सिमेंटमध्ये ओतायचा, असं ठरलं होतं. म्हणून जंगलाकडच्या त्या गावची माणसं बघायला आली. छोट्या गाडीतून दाटीवाटीनं आली, आणि सगळ्यांच्या शेवटी सुमनबाई उतरली. बारीक चणीची, डोक्यावरून पदर, पायात चप्पल नाही. माणसं वाघासमोर हात जोडून उभी राहिली. म्हातारा तर भिंतीला टेकून उभा होता. लोक माझ्या देवीसमोर असे उभे राहतात ते मी पाहिलं आहे, पण ते देवीमुळे. इथं देवी नव्हती. मी दुसरीकडे पाहिलं.

सुमनबाई वाघाभोवती हळूहळू फिरली. तोंडाकडे तिनं फारसं पाहिलं नाही. पोटापाशी येऊन थांबली.

"याचं पोट भरलं हाय," ती म्हणाली.

त्याचा चेहरा असा खुलला की काय सांगू. इतक्या लोकांनी पाहिला वाघ, पण पोट कुणी पाहिलं नव्हतं. "हो ना, बाई! बरोबर पाह्यलं तुमी. जेवला हाय तो. आता काई करत नाई कोनाले."

तिनं त्याच्याकडे वळून विचारलं, "काय खाल्लं यानं?"

रागानं नाही. चुलीपाशी बसून विचारावं तसं साधं विचारलं. म्हातारा खाली पाहू लागला. आणि तो, ज्याच्याजवळ सासूच्या लोणच्यापासून माझ्या उंदरापर्यंत सगळ्याला उत्तर होतं, तो नुसता पुढे सरकला. त्यानं वाघाच्या पोटावर हात ठेवला. झाकल्यासारखा. मग तो हातही काढून घेतला.

सुमनबाई तिथून निघाली ती कोपऱ्यात माझ्या वाघाकडे गेली. बकरी होतीच, ती बाजूला सरकली. बाई खाली वाकली, पोटाच्या भोकातून आत पाहिलं, पलीकडचा उजेड दिसला असणार तिला.

"याच्या पोटात काईच नाई," ती म्हणाली.

"बकऱ्याइनं खाल्लं, बाई. बुजवून देतो मी," मी घाईनं म्हणालो. लाज वाटली मला.

"बुजवू नका. यानं काई खाल्लं नाई. हाच द्या."

म्हणजे माझा वाघ! त्याचा नको, माझा! एका मंडळानं टाकलेला, कोपऱ्यातला, ज्याच्यापुढे तो कधी क्षणभर थांबला नाही तो. मला उडी मारावीशी वाटली. खरंच सांगतो, त्या बाईचं दुःख समोर उभं होतं आणि मला उडी मारावीशी वाटत होती. मी त्याच्याकडे पाहिलं, मुद्दाम.

तो माझ्या वाघाकडे पाहत होता. पहिल्यांदाच. त्याच्या तोंडावर जे होतं ते मला चांगलं ओळखीचं होतं. गेले कितीतरी दिवस दाढी करताना मी आरशात तेच तोंड पाहत होतो.

लोक गेल्यावर तो म्हणाला, "मले तुमच्या बकऱ्याइचा राग येऊन राह्यला, मूर्तीवाले."

बकऱ्यांचा! माझा नाही. जिंकलो तेव्हाही माझ्या वाट्याला हेच.

वाघ बाहेर उघड्यावर राहणार, म्हणून त्याच्यावर सिमेंटचा थर द्यायचा होता. बाहेरून मी दिला. पोटाच्या भोकातून आत मात्र माझा हात कोपरापुढे जाईना. माझा दंड भरलेला. त्याचे हात काटकुळे. "आतून मी मारतो हात," तो म्हणाला. मला वाटलं, आत काय करायचंय, लेप तर द्यायचा. मी टिनं आणायला बाजारात गेलो. परत आलो तेव्हाही तो खांद्यापर्यंत हात वाघाच्या पोटात घालून, डोळे मिटून, गाल वाघाच्या पाठीला टेकवून बसला होता. इतका वेळ? म्हटलं, म्हातारा झाला, हात सुस्तावला.

दुसऱ्या दिवशी त्यानं नळाची रबरी नळी लावली आणि स्वतःच्या वाघावर पाणी सोडलं. मी धावत गेलो. फोटो तरी काढू द्या म्हटलं. "नको जी," तो म्हणाला, "झोपू द्या त्याले." पोट आधी गळालं. मग खांदे, मग ती ओठाची सुरकुती. सगळी माती त्यानं घमेल्यानं माझ्या ढिगावर आणून टाकली, हात धुतले, पेटी उचलली आणि चिमूरला कुणी काम सांगितलं आहे म्हणून निघाला. जाताना थाळीचं झाकण हुंगून बायकोला म्हणाला, "आज बरोबर झालं, बाई." ती रडली. मला कावीळ झाली होती तेव्हा ती रडल्याचं आठवत नाही.

मोहा पडायला लागला तसा मी एका पहाटे उठून माझा वाघोबा बघायला गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याचं नाव घेणारं कुणी उरलं नव्हतं, तिथं फक्त माझा वाघ होता, शेंदूर लावलेला, टिनाच्या छपराखाली, पुढे नारळाच्या कवट्या. नाल्याच्या अलीकडेच झाडांखाली बायांचे आवाज येत होते. सुमनबाई टोपली घेऊन वाटेनंच येत होती. मला पाहून थांबली.

"आले जी, मूर्तीवाले भाऊ? थांबा," ती म्हणाली. टोपलीतून मोहफुलांची मूठ घेतली आणि वाघाच्या पोटाच्या भोकात हात घालून आत ठेवली. "रोज पयली मूठ याले. उपाशी हाय ना. फासळ्या लागते हाताले."

"कायच्या फासळ्या?"

"तुमीच केल्या अन् तुमीच पुसून राह्यले!" ती पहिल्यांदा हसली. "लय मायेनं केल्या जी. पयल्या दिसी हात घातला त मले रडूच आलं. म्हनलं, हा नोयच तो. हा त आपल्यासारखाच हाय."

मी बाही वर सारली. खांद्यापर्यंत नाही, पण कोपरापर्यंत हात गेला. आधी बोटांना मोहफुलं लागली, चिकट, थंड. त्याखाली फासळी. मग दुसरी. मग तिसरी. बारीक, वाकलेल्या, मधे कातडी आत ओढलेली, जशी कितीतरी दिवस न खाल्लेल्या जनावराची असते. कुणालाही दिसणार नाही अशा जागी. डोळे मिटून केलेल्या. माझ्या वाघात तेवढाच एक भाग जिवंत होता आणि तो त्याचा होता.

बाई माझ्या तोंडाकडे कौतुकानं पाहत होती. माझं असं कौतुक कुणी कधी केलं नव्हतं, आणि ते घ्यायला फक्त मान हलवायची होती.

"माह्या नाई त्या," मी म्हणालो. जीव तुटला म्हणताना. "ज्याचा वाघ तुमी नाई घेतला ना, त्या भाऊनं केल्या."

तिनं टोपली कमरेवर घेतली. "मंग त्याइले सांगजा. म्हनावं, मी जातो आता आत." आणि नाला ओलांडून ती खरंच गेली, इतर बायांच्याही पुढे.

मी घरी गेलोच नाही. मोहफुलांनी चिकटलेला हात धुवायचंही सुचलं नाही. तिथून रस्त्यावर आलो, मिळेल ती एस.टी. पकडली, नागभीडला बदलली आणि चिमूरला उतरलो. साऱ्या वाटेत वाक्य जुळवत होतो. हा निरोप माझ्याच तोंडून जायला हवा होता, आणि तो ऐकताना त्याचं तोंड कसं होतं ते मला पाहायचं होतं. मनात असंही होतं की निरोप ऐकून कदाचित तो मला काहीतरी म्हणेल.

एका लाकडाच्या वखारीमागच्या छपरात तो बसला होता. आढ्याला नवीन पोट टांगलेलं, म्हशीचं असावं. मला पाहून उठला. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याची मान नेहमीसारखी पुढे आली, आणि त्यानं माझा उजवा हात दोन्ही हातांत धरून नाकाशी नेला. बराच वेळ तसाच राहिला.

"गेली म्हनजे आत," तो म्हणाला.

मग हात सोडून तो पुन्हा त्या पोटाकडे तोंड करून बसला आणि कामट्या वाकवू लागला. डोळे पुसले की नाही ते मला मागून दिसलं नाही. एवढं एकच सांगायला मी दोन गाड्या बदलून चिमूरपर्यंत गेलो होतो, आणि तेही त्यानं मला सांगू दिलं नाही.